प्रार्थनेला प्रथम स्थान देणारे धर्मगुरू : संत जोसेफ वाझ

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या परिसरातील आपल्या कॅथलिक घरांतून संध्याकाळची आंजेलची घंटा झाली की तेर्स सुरू होत असे. ही प्रथा बंद पडली असे म्हणता येणार नाही. परंतु ती मागे सरकली आहे, हे नाकारताही येत नाही. कधी पाहुण्यांच्या जेवणाची वेळ आड येते, कधी मुलांची शिकवणी, कधी टीव्हीवरील मालिका, आणि आता तर प्रत्येकाच्या हातातील मोबाईल. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि किनाऱ्यावरील कित्येक घरांत पर्यटकांची वर्दळ सुरू झाली. त्यातून संसाराला हातभार लागला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण पर्यटकांची गर्दी नेमकी शनिवार-रविवारी असते, आणि मिस्साही रविवारीच असते. समुद्रावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना तर वेळ स्वतःच्या मनाने ठरवताच येत नाही. ती भरती-ओहोटी आणि वारा ठरवतो. वेळ मिळाला की प्रार्थना करू, असे आपण प्रामाणिकपणे म्हणतो आणि तसा वेळ सहसा मिळत नाही.

१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. आपल्या शेजारच्या गोमंतभूमीत जन्मलेल्या या धर्मगुरूंची ओळख आपल्याला श्रीलंकेचे प्रेषित म्हणून असते. अनवाणी हिंडणारे, वेषांतर करून डचांना चुकवणारे, तुरुंगवास सोसणारे मिशनरी, असे त्यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. हे चित्र खरेच आहे. परंतु आमच्या मते ते अपुरे आहे. फादर वाझ यांनी पुष्कळ काम केले. त्यापेक्षा विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, त्या कामाच्या रगाड्यात त्यांची प्रार्थना कधी मागे पडली नाही. त्यांचे चरित्र या एका दृष्टीने पुन्हा वाचावे, असे आम्हाला वाटते.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टी तालुक्यातील बाणावली येथे, त्यांच्या आईच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे. आई मारिया द मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. आठव्या दिवशी बाणावलीच्या संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्या वेळी आपला मालवणचा किनारा आदिलशाहीत होता. जोसेफ तेरा वर्षांचे असताना, १६६४ साली, शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली. वेंगुर्ल्याला डच व्यापाऱ्यांची वखार तर १६३७ पासूनच होती. ज्या डचांच्या राज्यात पुढे फादर वाझ यांना चोरपावलांनी फिरावे लागणार होते, त्या डचांची जहाजे आपल्याच बंदरात ये-जा करीत होती.

प्राथमिक शिक्षण सांकवाळ आणि बाणावली येथे झाल्यावर जोसेफ जुन्या गोव्यात गेले. तेथे येशूसंघीयांच्या संत पॉल कॉलेजात आणि नंतर डोमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस अकादमीत त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचा अभ्यास पूर्ण केला. १६७५ साली त्यांना उपगुरूपदाची दीक्षा मिळाली, ती बिशप कुस्तोदियो द पिन्हो यांच्याकडून. हे बिशप महाशय आदिलशाही मुलखासाठी, म्हणजे गोव्याच्या सीमेपलीकडील आपल्या या बाजूच्या प्रदेशासाठीही, रोमने नेमलेले व्हिकर अपॉस्टॉलिक होते. पुढच्या वर्षी, १६७६ मध्ये, आर्चबिशप आंतोनियो ब्रांदाव यांनी त्यांना गुरुदीक्षा दिली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पादत्राणे सोडली. गरिबांना जे मिळत नाही ते आपल्याला नको, एवढाच त्यामागचा विचार होता.

तरुण फादर वाझ प्रवचनकार आणि पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू म्हणून थोड्याच काळात प्रसिद्ध झाले. सांकवाळला त्यांनी लॅटिनची शाळाही काढली. म्हणजे सकाळी शाळा, दिवसभर पापनिवेदनाला बसलेले भाविक, सणावारी दूरदूरच्या गावांतून प्रवचनाची निमंत्रणे. नाव झालेल्या धर्मगुरूचा वेळ स्वतःचा राहत नाही, हे आजही आपण पाहतोच. नेमक्या याच दिवसांत, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एक वेगळेच पाऊल उचलले. पवित्र मरियेचा आपण आजन्म दास आहोत, असे एक दास्यपत्र त्यांनी स्वहस्ते लिहून तिला अर्पण केले. गोव्याच्या बाजारात तेव्हा माणसे विकली जात होती. दासाचा वेळ, श्रम आणि इच्छा धन्याच्या मालकीची असते, हे त्या काळच्या माणसाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्या पत्राचा अर्थ आम्ही असा घेतो: ज्या वेळेवर सगळ्यांचा हक्क पोहोचला होता, त्या वेळेवर पहिला हक्क कोणाचा, हे त्यांनी एकदाचे लेखी ठरवून टाकले.

श्रीलंकेतील कॅथलिकांच्या दैन्याची वार्ता गोव्यात पोहोचली होती. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगिजांचा तेथील शेवटचा ठाणाही जिंकला आणि कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले. धर्मगुरूला आसरा देणाऱ्यालाही कठोर शिक्षा होती. तेथे जाण्याची परवानगी फादर वाझ यांनी मागितली. परंतु अधिकाऱ्यांनी १६८१ साली त्यांना कानडा प्रांताचे प्रमुख धर्मगुरू म्हणून दक्षिणेला धाडले. तेथे एक निराळेच संकट त्यांची वाट पाहत होते. पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदो हक्काखाली काम करणारे धर्मगुरू आणि रोमच्या प्रोपागांदा मंडळाने नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो यांच्यात अधिकारावरून तंटा माजला होता. कोणाचे धर्मगुरू खरे, कोणाचे संस्कार ग्राह्य, यावरून भाविकांतही तट पडले होते. फादर वाझ पाद्रोआदोच्या बाजूने पाठवलेले. पण ते बिशपांना नम्रपणे भेटले, रोमकडून निर्णय येईपर्यंत शांतता राखावी यासाठी झटले, आणि मंगळूर, बारकूर, कल्याणपूर, गंगोळी या भागांत चर्च, शाळा व भक्तिमंडळे उभी करण्यात गुंतले.

प्रार्थनेपासून दूर नेणाऱ्या गोष्टी म्हटल्या की आपल्याला करमणूक आठवते. धर्मकार्यातली भांडणे मात्र आपण त्यांत धरत नाही. फेस्ताच्या हिशेबावरून, दर्यासारख्या कोणत्या वाड्याचा मान पहिला यावरून, समितीतल्या पदावरून धर्मग्रामात जेव्हा तट पडतात, तेव्हा दोन्ही बाजूंना आपण देवाचेच काम करतो आहोत असे वाटत असते. म्हणूनच कानड्यातली ती तीन वर्षे आम्हाला त्यांच्या चरित्रातली फार महत्त्वाची वाटतात, जरी त्यांत चमत्कार कमी आणि कटकटी जास्त असल्या तरी.

१६८४ मध्ये ते गोव्याला परतले. नुकतेच, १६८३ च्या अखेरीस, संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात उतरून गेल्या होत्या. अशा अस्वस्थ दिवसांत जुन्या गोव्यातील एका टेकडीवर, चमत्कारांच्या पवित्र क्रूसाच्या चर्चमध्ये, काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगू लागले होते. युरोपीय संन्यस्त संघांची दारे त्या काळी गोमंतकीयांना बंद होती. फादर वाझ या गटात सामील झाले. २५ सप्टेंबर १६८५ रोजी या मंडळाची अधिकृत स्थापना झाली आणि त्यांनाच प्रमुख निवडण्यात आले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर चालणारा हा संघ भारतातील स्थानिक धर्मगुरूंचा पहिला संघ म्हणून ओळखला जातो.

येथे एक प्रश्न पडतो. ज्यांचे मन श्रीलंकेकडे ओढ घेत होते, ज्यांना एकेक वर्ष वाया जाते आहे असे वाटले असते तरी नवल नव्हते, ते टेकडीवरच्या चर्चमध्ये नियमाने ध्यान, सामूहिक प्रार्थना आणि वाचन करीत का बसले? तिकडे धर्मगुरूंवाचून लोक मरत होते. आपल्यापैकी कोणी त्यांच्या जागी असता, तर प्रार्थना नंतर होईल, आधी बोट पकडू, असेच म्हणाला असता, आणि ते चूक आहे असेही कोणी म्हटले नसते. फादर वाझ यांनी आधी प्रार्थना करणाऱ्यांचे घर बांधले आणि मग ते निघाले. पुढची अनेक दशके श्रीलंकेला धर्मगुरू पुरवले ते याच घराने. घाईने एकटेच गेले असते तर त्यांच्यामागे ते काम त्यांच्याबरोबरच संपले असते.

१६८६ मध्ये जुआंव नावाच्या एका निष्ठावंत तरुण सेवकाला बरोबर घेऊन ते गोव्याहून निघाले. तुतिकोरीनपर्यंतचा लांबचा प्रवास करून, मजुराच्या वेषात, १६८७ मध्ये ते जाफन्याला पोहोचले. प्रवासातच हगवणीने त्यांना गाठले होते. परक्या मुलखात, भाषा अपुरी, अंगात ताकद नाही, आणि कोण कॅथलिक आहे हे विचारण्याची सोय नाही. कारण चुकीच्या माणसाला विचारले तर सगळेच संपले. त्यांनी काय केले? गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. ती माळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, याकडे त्यांचे लक्ष असे. हळूहळू एकेका घराची खूण पटली.

जवळजवळ तीस वर्षे त्या घरांनी धर्मगुरू पाहिला नव्हता. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, लग्नाला आशीर्वाद द्यायला कोणी नाही. उरली होती ती आजी-आजोबांनी पाठ करवलेली प्रार्थना आणि लपवून ठेवलेली माळ. आमच्या वाचकांना येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. जी तेर्स आपल्याला दिवसाच्या शेवटी कशीबशी उरकायची गोष्ट वाटते, तिच्याच जोरावर जाफन्याची ती कुटुंबे तीस वर्षे तग धरून राहिली होती.

फादर वाझ रात्री मिस्सा अर्पण करीत आणि उजाडण्यापूर्वी दुसऱ्या घरी निघून जात. सिल्लालै या गावी त्यांनी दोन वर्षे मुक्काम ठेवला. तमिळ भाषा आत्मसात केली. १६८९ च्या नाताळात डच शिपायांनी मिस्सेसाठी जमलेल्या भाविकांवर छापा घातला. फादर निसटले, पण अनेकांना अटक झाली. आठ प्रमुख कॅथलिकांना कठोर शिक्षा झाल्या आणि त्यांतील एक फटक्यांच्या मारानेच मृत्यू पावला. रविवारच्या मिस्सेला उशिरा पोहोचणाऱ्या आपल्या पिढीने त्या आठ जणांबद्दल फारसे ऐकलेलेही नाही, ही खंत वाटते.

त्यानंतर ते पुत्तलम येथे, कँडीच्या राजाच्या हद्दीत गेले आणि १६९२ मध्ये खुद्द कँडीला निघाले. डोंगरांनी वेढलेले हे राज्य डचांच्या ताब्याबाहेर होते. तेथून सगळ्या बेटावर काम करता येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब पहिल्याच दिवशी चुकला. एका फ्रेंच काल्व्हिनपंथीयाने हा माणूस पोर्तुगिजांचा हेर आहे, अशी राजाची समजूत करून दिली आणि राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना कैदेत टाकले.

सुमारे दोन वर्षे ते बंदिवासात होते. संपूर्ण बेटावर एकच धर्मगुरू, आणि तोही कोंडलेला. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा मध्य येथे आहे. आपल्याला कामाने इतके वेढलेले असते की काम काढून घेतले तर आपण काय आहोत, हा प्रश्नच पडत नाही. आजारपणात किंवा सेवानिवृत्तीनंतर तो एकदम समोर येतो आणि पुष्कळांना सैरभैर करतो. फादर वाझ यांचे सगळे काम एका दिवसात काढून घेण्यात आले. त्यांचा दिनक्रम मात्र फारसा बदललेला दिसत नाही. प्रार्थना चालू राहिली. मोकळ्या वेळात ते सिंहली भाषा शिकले. पहारा थोडा सैल झाल्यावर आवारात कुडाचे एक लहानसे प्रार्थनागृह उभे राहिले, तेथे मिस्सा सुरू झाली, आणि शहरातले कॅथलिक दबकत दबकत तेथे येऊ लागले. सुटकेसाठी त्यांनी कोणाच्या हातापाया पडल्याचे चरित्रकार सांगत नाहीत.

पुढे कँडीत मोठा दुष्काळ पडला. परंपरा सांगते की इतर सर्व उपाय थकल्यावर राजाने या कैद्याला पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. चौकात वेदी मांडून, तिच्यावर क्रूस ठेवून फादर वाझ गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. पाऊस कोसळला, आणि वेदीभोवतीची जागा तेवढी कोरडी राहिली, असे सांगतात. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात धर्मप्रसाराची मोकळीक दिली. आपल्याकडे या प्रसंगाची चित्रे पुष्कळ घरांत आहेत. त्या चित्रात एक गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे आधीची कैद. राजाला प्रार्थनेसाठी याच माणसाची आठवण का झाली असावी, याचे उत्तर त्या दिवसांत आहे असे आम्हाला वाटते. पहारेकऱ्यांनी रोज पाहिले होते की हा मनुष्य करतो तरी काय.

१६९६ मध्ये गोव्याच्या ओरेटरीतून पहिले सहकारी आले. तोवर नऊ वर्षे सगळ्या बेटावर ते एकटेच धर्मगुरू होते. कोचीनच्या बिशपांनी त्यांना श्रीलंकेसाठी आपले व्हिकर जनरल नेमले. पुढच्याच वर्षी कँडीत देवीची साथ पसरली. राजाने राजधानी सोडली, धडधाकट माणसे पळून गेली, आजाऱ्यांना घरच्यांनी रानात नेऊन टाकले. फादर वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जोसे कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रुग्णांसाठी झोपड्या बांधल्या. जखमा धुणे, पेज भरवणे, मेलेल्यांना पुरणे, हे सारे ते स्वतःच्या हातांनी करीत. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे विचारले जात नसे. साथीचा जोर जवळजवळ वर्षभर होता.

प्रार्थनेचा आग्रह धरणाऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, ही माणसे चर्चमध्ये बसून राहतात आणि शेजारी कोणी उपाशी असेल तर त्यांना पत्ता नसतो. तो आक्षेप काही वेळा खरा असतो, हे आपण मान्य केले पाहिजे. पण कँडीच्या त्या वर्षात नेमके उलटे घडले. पहाटे वेदीपाशी गुडघे टेकणारे दोघेच दिवसभर त्या झोपड्यांतून वाकून काम करीत होते. ज्यांना प्रार्थनेला वेळ नव्हता ते केव्हाच डोंगरापलीकडे गेले होते.

पुढची वर्षे बेटभर पायपिटीची होती. रानातून, डोंगरातून, अनवाणी. चालताना ओठांवर जपमाळ असे. सिंहली आणि तमिळ भाषांत त्यांनी प्रार्थना व क्रूसाच्या वाटेची भक्ती तयार करून लोकांच्या हाती दिली, कारण धर्मगुरू वर्षातून एकदा पोहोचला तरी प्रार्थना रोज घरात असली पाहिजे, हे त्यांनी जाफन्यात पाहिले होते. १७०५ साली आलेले फादर जाकोम गोन्साल्व्हिस यांनी हेच काम पुढे नेऊन सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया घातला. पोपमहोदयांचे प्रतिनिधी मायार द तुर्नोन भारतात आले असता फादर वाझ यांना बिशप करावे असा विचार निघाला. त्यांनी नकार दिला. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्यांनी तो विषय वाढवलाच नाही.

१७१० च्या अखेरीस त्यांचे शरीर पार थकले होते. आजारी अवस्थेत त्यांना कँडीला आणण्यात आले. शुक्रवार, १६ जानेवारी १७११ रोजी रात्री त्यांनी देह ठेवला. वय एकोणसाठ. शेवटच्या घटकेला सहकाऱ्यांनी काही उपदेश मागितला तेव्हा त्यांनी एवढेच सुचवले की, जे आयुष्यभर केले नाही ते मरताना करणे सोपे नसते. कँडीतील ज्या चर्चमध्ये त्यांना पुरले ते पुढे नष्ट झाले आणि त्यांच्या समाधीचा मागमूस राहिला नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात, समुद्राला लागून असलेल्या गॉल फेस मैदानावर, त्यांना संतपद बहाल केले. या दोन तारखांच्या दरम्यान, ५ जुलै २००५ रोजी, पुणे धर्मप्रांतातून आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला.

जुन्या गोव्यातील ओरेटरी एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने संन्यस्त संघ बरखास्त केले तेव्हा बंद पडली. टेकडीवर आज पडक्या भिंती आहेत. सांकवाळला मात्र दर वर्षी ७ जानेवारीपासून नऊ दिवस नोव्हेना होते आणि १६ तारखेला फेस्त भरते. सावंतवाडीहून सकाळी लवकर निघाले तर मिस्सेला पोहोचता येते. ज्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये तरुण फादर वाझ पापनिवेदनाला बसत, ते १८३४ साली आगीत जळाले. त्याची कोरीव दर्शनी भिंत तेवढी उभी आहे.